गुलछडीची गोम

डॉ. श्यामला उपासनींना आजवर किती घोड्यांनी लाथा मारल्या ते कुणी मोजलेलं नाही, पण त्यांनी किती माणसांना लाथाडलं ते अख्ख्या धायरीला पाठ आहे. घोडा फाटकातून आत आला की बाईंचा आवाज लोण्यासारखा होतो. "ये राजा, ये, घाबरायचं नाही हं." आणि लगेच मालकाकडे वळून, "तुम्ही बाहेर थांबा. आजारी तो आहे."

दवाखाना म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड, मधे फरशीचं अंगण, अंगणात घोडा उभा करायचा लोखंडी खोडा आणि मागे आजारी घोड्यांची ठाणं. बाईंनी जागा घेतली तेव्हा भोवती ज्वारी होती. आता तिन्ही बाजूंनी इमारती आहेत आणि प्रत्येक गॅलरी दवाखान्यावर वाकलेली आहे. लोक एका हाताने नाक धरतात, दुसऱ्या हातात चहाचा कप असतो, आणि लिदीच्या वासाबद्दल तक्रार करत करत सकाळचा पूर्ण खेळ बघतात. कुठल्या घोड्याला जंत झाले, कुठल्या मालकाला बाईंनी "घोड्याला मीठ चाटायला ठेवता का, का सगळं स्वतःच खाता?" असं विचारलं, हे दहाच्या आत वरच्या मजल्यापर्यंत पोचलेलं असतं.

बाई मूळच्या नारायण पेठेतल्या, मास्तरांची मुलगी. त्या घरात चार पायांचं म्हणून जेवणाच्या टेबलाखेरीज काही नव्हतं. मुलगी जनावरांची डॉक्टर होणार म्हटल्यावर वडील एवढंच म्हणाले, "गाय निदान दूध तरी देते." पुढे मुलगी घोड्यांकडेच वळली तेव्हा त्यांनी तो विषयच सोडला. घोडेच का, असं कुणी विचारलं तर बाई म्हणतात, "घोड्याला बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण."

त्यांचे यजमान श्रीनिवास बँकेतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून दवाखान्यातला फोन घेतात. स्वभावाने गरीब, पण हळूच टाचणी लावणारे. ते सांगतात की लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात स्वारगेटला श्यामलाने बस चुकवली, आणि आजही तिचं म्हणणं असं की बस चुकीच्या वेळी सुटली. शब्द मागे घेणं हा प्रकार बाईंच्या माहेरी कुणाला शिकवलेलाच नव्हता. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

तुळशीची लग्नं उरकली आणि वरातीचा हंगाम तोंडावर आला. एका सकाळी नागोराव आपली गुलछडी घेऊन आला. नागोराव परभणीकडचा. कारखान्यात काम करायला पुण्यात आला, कारखाना बंद पडला, आणि भाड्याने घोडी हाकता हाकता स्वतःची घोडी घेऊन बसला. गुलछडी म्हणजे पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची, बँड कितीही बोंबलला तरी कान न हलवणारी. सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये नवरदेव घामाघूम व्हायचा, ही शांत. नागोरावने बायकोवर जेवढा जीव लावला नसेल तेवढा हिच्यावर, असं त्याची बायको मुक्ताई स्वतःच सांगते.

त्याच्याबरोबर गोपाळकृष्णशेठ होते. शेठ बँडवाले. त्या भागातले निम्मे नवरदेव शेठ सांगतील त्याच घोडीवर बसतात. घोडी धडधाकट आहे असं डॉक्टरने सांगितलं की हंगामभर तिलाच लावतो, असं ते कबूल करून आले होते.

बाईंनी छाती ऐकली, दात पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली आणि हात पुसत म्हणाल्या, "घोडी उत्तम आहे. हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, दात तर शेठ, तुमच्यापेक्षा बरे. फक्त त्यात एक गोम आहे."

आता नारायण पेठेत 'गोम आहे' म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. नळाला पाणी येतं, पण गोम आहे. स्थळ चांगलं आहे, पण गोम आहे. कुठेतरी काहीतरी अडतंय, एवढाच अर्थ. घोडेवाल्यांमध्ये मात्र गोम म्हणजे गोमच. घोड्याच्या अंगावर सगळे केस एका दिशेने बसलेले असतात. मधेच कुठे चार केस उलटे फिरून ओळीने सरपटत गेलेले दिसले, की ती गोम. ती असलेली घोडी अपशकुनी. तिच्यावर बसलेल्या नवरदेवाचा संसार वर्षभर टिकत नाही, असं घोडेवाले शपथेवर सांगतात. बाईंना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. "केसांना दिशा असते, नशीब नसतं," असं ओरडून त्यांनी या मंडळींची डोकी कितीदा तरी उठवली होती. पण जीभ शेवटी पेठेतली. पटकन सुटली.

सुटली ती सुटली, आणि बाई खाली वाकल्या. घोडीचा पुढचा उजवा पाय उचलून त्या खुराशी बोलत बसल्या. "हे बघा, नालेचा हा खिळा आत घुसलाय. खूर गरम लागतोय. नाल आत्ताच्या आत्ता काढू, आठवडाभर विश्रांती, मग खुशाल वरात काढा." मान वर करून बघतात तर शेठ फाटकापाशी हेल्मेट चढवतायत. तेवढ्यात त्यांच्या हातातला पाय सुटला आणि नागोराव घोडीला ओढत शेठच्या मागे धावला.

"नागोराव, पाय," बाई ओरडल्या.

नागोराव वळला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तो जे बोलला ते गॅलऱ्यांनी नीट ऐकलं, पण पोराबाळांसमोर अजून कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर गुलछडीचा फोटो फिरला. गोम नेमकी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे एकाने मानेवर लाल गोल काढला, दुसऱ्याने पोटावर, आणि एका हुशार माणसाने शेपटीवर. ठरलेल्या वराती एकेक करत दुसऱ्या घोड्यांकडे गेल्या. शेठनी नागोरावचा फोन उचलणं बंद केलं.

नागोरावने हिशेब दुसरीकडे चुकता केला. "आज माझ्या घोडीला नाव ठेवलं, उद्या तुमच्या," असं तो तबेल्या-तबेल्यात सांगत फिरला. वरातीच्या घोड्यांनी दवाखान्याची वाट सोडली. रायडिंग स्कूलवाले तेवढे येत राहिले, कारण त्यांना लग्न लावायचं नसतं. एका पहाटे दवाखान्याच्या फाटकात ट्रॉलीभर लीद ओतलेली सापडली. गॅलऱ्या भरल्या. बाईंनी ढिगाकडे पाहिलं, गॅलऱ्यांकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुंड्यांना खत फुकट. ज्यांना वास सहन होत नाही त्यांनी आधी न्यावं." दुपारपर्यंत ढीग संपला. वासाच्या तक्रारीचा अर्ज लिहिणारे गृहस्थ दोनदा बादली भरून गेले.

घरात वेगळी लढाई. श्रीनिवास म्हणाले, "अगं, एक फोन कर. म्हणावं, शब्द सहज तोंडात आला."

"सहज कसा? मला तोच म्हणायचा होता. गोम होतीच. खिळा होता."

"त्यांना वेगळं ऐकू आलं."

"त्यांना मराठी कळत नाही, हा माझा दोष?"

"श्यामला, शब्द त्यांचाच आहे," श्रीनिवास चष्मा पुसत म्हणाले. "घोड्याच्या अंगावरची गोम आधी. आपण पेठेत बसून ती उसनी घेतली, आणि परत करायला विसरलो."

बाईंनी त्या रात्री भाजीत मीठ जास्त घातलं. हिंजवडीहून मुलीचा, तनयाचा फोन आला. "आई, तुझं कस्टमर हँडलिंग टॉक्सिक आहे." "माझे कस्टमर गवत खातात," म्हणून बाईंनी फोन ठेवला. पण शेठवर, नागोराववर आणि नवऱ्यावर रागावून झाल्यावर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट उरायची. खिळा काढला असेल का.

उत्तर मुक्ताईने आणून दिलं. ती भांडायला आली होती. भरदुपारी, पदर खोचून, फाटकापासूनच सुरुवात करत.

"वाटुळं केलं बाई तुमी आमचं. मुकं जनावर, त्याला नाव ठेवलं."

"हळू बोला, आत घोडा झोपलाय."

"झोपू द्या की. आमची झोपत न्हाई, तिचं काय? रातंदिस पाय उचलून उभी हाय."

बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. "कुठला पाय?"

"तुमच्या तोंडाला कुलूप घाला म्हन्ते मी."

"घालते. कुठला पाय?"

"उजवा. फुडचा. कामून विचारता? तुमचा काय संबंध?"

"सूज किती? गुडघ्यापर्यंत?"

"तितक्याला न्हाई. पर चढायली. तव्यावानी तापलाय पाय." मुक्ताईचा आवाज मधेच फाटला, म्हणून तिने तो आणखी चढवला. "दान्याला तोंड लावीना. त्यानं हळद बांधली, चुना बांधला. गाईचा डागदर आला, लांबून बघून गेला. शर्यतीच्या घोड्याचे डागदर वरातीच्या घोडीला येत न्हाईत. आन तुमाला आणलं तर पाय तोडीन म्हन्तो."

"माझा का घोडीचा?"

"माझा."

बाई पिशवी भरायला लागल्या. परिस्थिती वाईट होती. खुरात पू झाला की वेळेत तळवा खरवडून वाट करून द्यायची, घोडं चार दिवसांत धावतं. वाट दिली नाही तर तो वर चढतो, हाडात शिरतो. घोडी तीन पायांवर फार काळ उभी राहू शकत नाही. मग एकच इंजेक्शन उरतं आणि ते देताना मालकाला लांब पाठवतात. बाईंनी ते बऱ्याचदा दिलं होतं. पण ज्या घोडीला आपण अंगणात उभ्या उभ्या बरी केली असती, जिचा मालक आपल्याच एका शब्दामुळे पळाला, तिला ते द्यायचं? त्यांनी पिशवी स्कूटरवर टाकली. मुक्ताई मागे बसली आणि नागोरावच्या दारापर्यंत शिव्या देत राहिली. बाईंनी एकदाच सांगितलं, "वळणावर बोलू नका, तोल जातो."

नागोराव तबेल्याच्या दारात आडवा उभा राहिला. आतून गुलछडीचा श्वास ऐकू येत होता.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या.

"शेठला बोलावतो. समद्या घोडेवाल्यांना बोलावतो. त्यांच्या म्होरं घोडी बघायची आन त्वांडानं सांगायचं, हिला गोम न्हाई. मग हात लावा."

"मी डॉक्टर आहे. गोमा बघणारी कुडमुडी जोशीण नाही."

"मग जावा."

"घोडी मरेल."

"मरू द्या. जिती तरी तुमी कुठं ठेवली हाय?"

बाई स्कूटरपाशी परत आल्या. किल्ली फिरवली. गोम नाही असं म्हणायचं, म्हणजे गोम ही मानायची गोष्ट आहे हे कबूल करायचं. आयुष्यभर ज्यावर ओरडलो त्यालाच मुजरा. आणि वर आपला शब्द मागे. आत गुलछडीने आखडलेला पाय जमिनीला टेकवून पाहिला आणि झटक्याने उचलला. नालेचा टक्क आवाज झाला. बाईंनी स्कूटर बंद केली.

"बोलवा कुणाला बोलवायचं ते," त्या म्हणाल्या. "पण दारातून आत एकही पाऊल टाकायचं नाही. तुम्ही एकटे घोडी धरा."

घोडेवाले जमायला वेळ लागला नाही. भांडण बघायला पुण्यात कुठल्याच थरातल्या माणसाला उशीर होत नाही. गोपाळकृष्णशेठ सफारी घालून आले आणि नाकाला रुमाल लावून पुढे उभे राहिले.

"बाई, स्पष्ट सांगायचं बरं का," शेठ म्हणाले. "लोकांच्या पोरांच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"तुमचा बँड ऐकूनही जे लग्न टिकतं, ते घोडीने मोडणार नाही," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांनी कपाळ पाहिलं, छाती पाहिली, पोटाखाली हात फिरवला. एकेक जागा मोठ्याने सांगत गेल्या. "कपाळ साफ. छाती साफ." मग मानेपाशी आल्या. मानेवर नेहमीसारखा वरातीचा, आरशांचा रुंद पट्टा होता. बाईंनी बक्कलला हात घातला तशी नागोरावची बोटं त्यांच्या मनगटावर आली.

"पट्टा राहू द्या," तो पुटपुटला. "बिचकते ती."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बँड बोंबलला तरी कान न हलवणारी घोडी, आणि पट्ट्याला बिचकते? त्यांनी मनगट सोडवलं आणि पट्टा काढला.

गोम तिथे होती. मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या शिरेवरच. बोटभर लांब, स्वच्छ, उलट्या केसांची. सरपटत वर गेलेली. पुस्तकात छापावी इतकी नेटकी.

नागोराव आता शिव्या देत नव्हता. तो घोडीकडे बघत होता. आणि बाईंना एकाएकी सगळं उलगडलं. मागच्या पावसाळ्यात गुलछडीचं पोट फुगलं होतं तेव्हा बाईंनीच पट्टा सारून याच शिरेत इंजेक्शन दिलं होतं. घोडी लोळत होती; केस बघायला वेळ कुणाला होता? पण हा माणूस तेव्हापासून मनात घेऊन बसला होता की बाईंनी पाहिलंय. आणि मग भर अंगणात, शेठसमोर, बाईंनी ते बोलून दाखवलं. त्याच्या लेखी जीभ घसरली नव्हती. चहाडी झाली होती.

"काय झालं? सापडली का?" दारातून शेठनी विचारलं.

बाईंची पाठ दाराकडे होती. त्यांनी पिशवीतून केस कापायचं मशीन काढलं.

"पायाचं विष अंगात भिनायला लागलंय. शिरेत सुई ठेवावी लागणार, रोज औषध सोडायला," त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "त्या जागचे केस काढते. कुणाला हरकत?"

हरकत घेण्याइतकं कुणाला कळलं नव्हतं. मशीन घुरघुरलं. गोम पेंढ्यावर पडली आणि बाईंनी तिच्यावर बूट ठेवला. मानेवर तळहाताएवढा गुलाबी चौकोन उरला. त्यांनी स्पिरिट लावलं, सुई बसवली, टाका घातला आणि मग हाक मारली, "या शेठ. एकटे या. तुमचा माझ्यावर विश्वास नाही, तेव्हा तुम्हीच बघा."

शेठनी घोडी मानेपासून शेपटीपर्यंत तपासली. शेपटीवर लाल गोल काढणारा गृहस्थ दारातून "शेपूट उचला की" असं सांगत होता. तीही उचलली.

"नाही," शेठ म्हणाले.

"काय नाही? मोठ्याने सांगा."

"गोम नाही."

"मग त्या दिवशी आमी काय ऐकलं?" दारातून आवाज आला. "बाईंनी सांगावं. चूक झाली म्हणावं."

बाईंनी घोडीचा पाय आपल्या मांडीवर घेतला. नाल उचकटली, वाकडा खिळा ओढून काढला, आणि चाकूने तळवा खरवडत म्हणाल्या, "मी म्हणाले होते गोम आहे. आजही म्हणते. ती ही." चाकूचं टोक जरा आत गेलं आणि काळा, घाण वासाचा पू शेठच्या सफारीवर उडाला. शेठ तीन पावलं मागे गेले. "पुण्यात याला गोम म्हणतात. घरी जाऊन विचारा."

म्हणजे शब्द काही मागे घेतला नाही. श्रीनिवासना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले, आणि बाईंनी त्यांना का हसता ते विचारलं नाही. खोटंही बोलले नाही, असं त्या स्वतःला समजावत होत्या. पण बुटाला चिकटलेले पांढरे केस त्यांनी त्या संध्याकाळी ज्या रागाने घासून काढले, तो राग नागोराववर नव्हता.

गुलछडी दवाखान्यातल्या ठाणात राहिली. खुराला पोटीस, शिरेत औषध, दिवसातून दोनदा पट्टी. नागोराव पट्टीच्या वेळी यायचा, घोडी धरायचा, आणि बाईंशी बोलायचं असलं तर घोडीला सांगायचा.

"त्यांना सांग, पट्टी घट्ट झाली."

"त्याला सांग, मला शिकवू नकोस," बाई पायाकडे बघत म्हणायच्या.

लीद कुणी ओतली हे त्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. एक दिवस ठाणाच्या दारात पेंढा जरा जास्तच नीट पसरलेला दिसला. बाईंनी त्यावर, गवत वाया घालवतो, म्हणून तोंड सोडलं. वरातीचे घोडे परत यायला लागले. गॅलऱ्या परत भरल्या. घोडेवाल्यांमध्ये आता असं चालतं की घोडीला काही नव्हतं, गोम डॉक्टरणीच्या जिभेला आहे. हे बाईंपर्यंत पोचलं आहे.

एका सकाळी गुलछडीने आजारी पाय टेकवला आणि टेकवलेला ठेवला. सगळं वजन दिलं. बाई खाली बसून बघत राहिल्या. खूर गार होता. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "न्या. जागा अडवलीये."

नागोराव घोडी सोडायला आत आला, पण दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचं बोट मानेवरच्या चौकोनावरून फिरत होतं. तिथे पांढरी लव धरायला लागली होती.

"हे क्यास," तो पहिल्यांदाच बाईंकडे बघून म्हणाला, "परत येतेत?"

"येतात."

"सरळ?"

"जसे होते तसे."

नागोरावने बाहेर पाहिलं. फाटकाबाहेर हॉर्न वाजत होते. हंगाम अजून अर्धाच झाला होता.

"आले की आणा तिला," बाई हात धूत म्हणाल्या. "सुई ठेवावी लागेल."

"आजारी नसली तरी?"

"आजारी आहे का नाही ते मी ठरवणार का तुम्ही?" बाई खेकसल्या. "आणि दार लावून जा. दर वेळी उघडं टाकता."